ब्युरेट हातात कुणी धरलं होतं? नॅकच्या तयारीत उघडं पडलेलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिक शहरातल्या एका अनुदानित कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयाचं आहे. संलग्नता सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी. महाविद्यालयाचं नाव देत नाही, काही खुणा मुद्दाम पुसल्या आहेत आणि माणसं इथे नुसत्या पदांनी येतील. मी तिथे रसायनशास्त्र शिकवतो. ज्या काळाबद्दल लिहितोय त्या काळात अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचा, म्हणजे आयक्यूएसीचा समन्वयक होतो. हे पद कुणी मागून घेत नाही. बैठकीला जो उशिरा पोचतो त्याच्या गळ्यात पडतं. माझ्याही तसंच पडलं.

आमच्याकडे मुलं येतात ती तीन दिशांनी. काही शहरातली, त्यात सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांमधली बरीच. काही दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यातली. आणि काही पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडची आदिवासी मुलं, जी वसतिगृहात राहतात किंवा रोज एसटीने ये-जा करतात. वर्गाचं खरं वेळापत्रक आम्ही ठरवत नाही. ऑक्टोबरात गोडी छाटणी सुरू झाली की मागचे बाक रिकामे होतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षकाढणीला पुन्हा तेच. नेमक्या याच दोन वेळा सत्र परीक्षेच्या तोंडावर येतात.

राष्ट्रीय मूल्यांकन व मान्यता परिषद, म्हणजे नॅक, १९९४ मध्ये स्थापन झाली, मुख्यालय बंगळुरूला. २०१७ च्या सुधारित चौकटीनुसार सात निकष, मिळून १००० गुणभार. त्यातला सुमारे ७० टक्के भाग ऑनलाइन भरलेल्या आकड्यांवर ठरायचा, उरलेला भेट देणाऱ्या समितीच्या मतावर. दुसरा निकष अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापनाचा. विद्यापीठासाठी त्याला २०० गुणभार होता, आमच्यासारख्या संलग्न महाविद्यालयाला ३५०. यात तर्क आहे. अभ्यासक्रम आम्ही ठरवत नाही, संशोधनाची साधनंही बेताची, मग आमच्या हातात उरतं काय, तर शिकवणं. एकूण गुणांचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा वाटा एवढ्या एका गोष्टीवर.

आधीच्या फेरीत आम्हाला बी श्रेणी होती, म्हणजे चारपैकी २.०१ ते २.५० च्या दरम्यान. मान्यतेची पाच वर्षं संपत आली होती. संस्थेच्या सचिव साहेबांनी पहिल्याच बैठकीत एक वाक्य टाकलं, "सर, या वेळी ए पाहिजे." ए म्हणजे ३.०१ च्या पुढे.

अडचण कुठे उघडी पडली

२०२२-२३ चं शैक्षणिक वर्ष सुरू झालं तेव्हा आमच्याकडे फायली भरपूर होत्या. कार्यशाळा, वृक्षारोपण, पाहुण्यांची व्याख्यानं, क्षेत्रभेटी. प्रत्येकाचा अहवाल, प्रत्येकाला जागा-वेळ दाखवणारे जिओटॅग फोटो. ग्रंथालयामागच्या खोलीत कपाटं कमी पडली म्हणून जमिनीवर गठ्ठे होते. मला वाटत होतं की सामान आहे, आता फक्त रचायचं.

पहिला खडा लागला तो उद्दिष्टपूर्तीच्या तक्त्याला. प्रत्येक विषयाची अध्ययन निष्पत्ती लिहायची, म्हणजे हा विषय शिकल्यावर मुलाला काय करता येईल ते. आणि ती किती साध्य झाली ते मोजायचं. आमच्यात याला सगळे 'सीओ-पीओ' (कोर्स आउटकम-प्रोग्रॅम आउटकम) म्हणतात. ही पद्धत अभियांत्रिकीकडून आली. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा, पूर्ण सदस्य झाला आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांना निष्पत्तीचे हिशेब ठेवणं भाग पडलं. आमच्या कला-वाणिज्यवाल्यांपर्यंत तिची एक्सेल शीट आधी पोचली. ती कशासाठी, हे नंतर कळलं. काहींना अजून कळायचंय.

ठरलेली रीत अशी: वर्गातल्या ७० टक्के मुलांना ६० टक्क्यांहून जास्त गुण असतील तर त्या निष्पत्तीला ३, त्याखाली २, त्याखाली १. या मर्यादा महाविद्यालयानं स्वतःच ठरवायच्या असतात. सगळ्या विभागांचे तक्ते आले. मराठी २.८, भूगोल २.८, वाणिज्यचे सगळे विषय २.७ ते २.९. रसायनशास्त्र, म्हणजे माझाच विभाग, २.८.

वाणिज्यच्या एक मॅडम तक्ते चाळत होत्या. म्हणाल्या, "सर, एवढं छान शिकतात आपली मुलं, तर मग रेमेडियल कुणासाठी घेतो आपण?"

हसण्यावारी गेलं असतं, पण त्यांच्या हातात रेमेडियलचंच, म्हणजे मागे पडलेल्या मुलांसाठीच्या तासांचं हजेरीपत्रक होतं. जादा तास रोज साडेचारला आणि हजेरी शंभर टक्के. त्यात पेठ तालुक्यातल्या चार मुलांच्या नावापुढे महिनाभर सलग सह्या, आणि त्यांची एसटी साडेचारच्या आधीच सुटते हे कॉलेजातल्या प्रत्येकाला माहीत. तो तास शेवटी कुणी घेतला होता आणि कुणी नव्हता, याच्या खोलात आम्ही गेलो नाही. सह्या एकाच पेनाच्या होत्या, एवढं पुरलं.

त्या आठवड्यात मी स्वतःचा विभाग तपासायचं ठरवलं. प्रथम वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत आमच्याकडे जवळपास सगळ्यांना भरघोस गुण. निष्पत्तीत लिहिलेलं, 'विद्यार्थी आम्ल-अल्क अनुमापन अचूकपणे करू शकेल.' म्हणजे टायट्रेशन, आम्लात थेंबथेंब अल्क सोडत त्याचं प्रमाण काढणं. मी द्वितीय वर्षाच्या एका तुकडीला प्रयोगशाळेत बोलावलं आणि सांगितलं, एकेकट्यानं टायट्रेशन करा, दहा मिनिटं, गुण नाहीत.

जे दिसलं ते सांगायला अजूनही जड जातं. अनेकांनी ब्युरेटमधली, म्हणजे खुणा आणि खाली तोटी असलेल्या उभ्या नळीतली पातळी डोळ्यांच्या रेषेत न आणता वरून वाकून वाचली. एकीनं नळी भरताना खालच्या टोकातला हवेचा बुडबुडा तसाच ठेवला. एकानं फिनॉल्फ्थॅलीन हा दर्शक घालायच्या आधीच तोटी उघडली. फिकट गुलाबी रंगावर थांबायचं असतं. बहुतेकांचे फ्लास्क गर्द गुलाबी झाले. मुलं मठ्ठ नव्हती. त्यांनी ब्युरेट हातात धरलंच नव्हतं. गट चार-पाच जणांचा. त्यातला एक टायट्रेशन करतो, एक आकडा वाचतो, बाकीचे वहीत उतरवतात. प्रयोगशाळेतले मामा शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "सर, दरवर्षी असंच असतं. फुटतं ते पण त्याच एकाच्या हातनं."

आमचं २.८ हे त्या एकाचं होतं. बाकीच्या चौघांनी ते उतरवून घेतलेलं.

समोरचे पर्याय

प्राचार्यांच्या केबिनमध्ये तीन बैठका झाल्या. तिथे काय काय मांडलं गेलं ते जसंच्या तसं लिहितो, कारण प्रत्येक पर्यायामागे शहाणी माणसं होती.

पहिला पर्याय सल्लागाराचा. एक गृहस्थ आले होते. एसएसआर म्हणजे स्वयंअध्ययन अहवाल लिहून देणं, तक्ते भरून देणं, समितीपुढच्या सादरीकरणाची स्लाइड अन् स्लाइड करून देणं, असं सगळं पॅकेज. त्यांनी आमचे तक्ते पाहून सल्ला दिला की सगळीकडे २.८ नको, संशय येतो. दोन-चार ठिकाणी २.३ करा. मला तो माणूस आवडला नाही, पण त्याला त्याचं काम उत्तम कळतं हे मान्य करावं लागेल. सचिव साहेबांचा कल याच्याकडे होता, आणि त्यांची बाजूही सोपी होती. श्रेणी घसरली तर नवे वर्ग, निधी, प्रवेश सगळ्यावर परिणाम. शेजारची महाविद्यालयं काय करतात ते तुम्हाला माहीत आहे, असंही ते म्हणाले.

दुसरा, मुदत संपू द्यायची आणि वर्षभर थांबून नीट तयारी करायची. हा माझा. आज वाटतं, त्यात प्रामाणिकपणापेक्षा थकवा जास्त होता. प्राचार्यांनी तो दोन मिनिटांत निकालात काढला. मान्यता नसलेल्या वर्षाचं उत्तर संस्थेला आणि विद्यापीठाला कोण देणार?

तिसरा पर्याय वाणिज्यच्या त्याच मॅडमनी मांडला. सगळे विषय प्रामाणिकपणे मोजणं एका वर्षात शक्य नाही. मग चार विषय घेऊ, प्रत्येक विद्याशाखेतला निदान एक. त्यांत खरंखुरं मोजू, जे निघेल ते लिहू, त्यावर काय केलं ते लिहू. बाकीच्या विषयांचे जुने तक्ते जोडायचेच नाहीत. अहवालात स्पष्ट सांगायचं की पद्धतशीर मापन या वर्षी सुरू केलं आहे.

धोका उघड होता. अहवालात एकेका गुणात्मक मुद्द्याला शब्दमर्यादा होती, साधारण पाचशे शब्द. त्यातले दोनशे आपण काय केलं नाही हे सांगण्यात घालवायचे? सचिव साहेब म्हणाले, "आपणच आपल्या हातानं गुण कापून द्यायचे?" प्राचार्य बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, समितीतल्या एखाद्यानं प्रयोगशाळेत मुलाला ब्युरेट वाचायला सांगितलं तर? त्या प्रश्नानं पारडं तिसऱ्या पर्यायाकडे झुकलं. म्हणजे निर्णय झाला तो तत्त्वापेक्षा भीतीनं, हे नोंदवून ठेवतो.

काय केलं

चार विषय निवडले. रसायनशास्त्र प्रात्यक्षिक, वित्तीय लेखांकन, अर्थशास्त्र आणि मराठीचा एक पेपर. मराठी आणि लेखांकनाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. लेखांकनात मुलं नोंदी बरोबर करतात, पण ताळेबंद जुळला नाही की चूक कुठे शोधायची ते त्यांना येत नाही, एवढं निघालं आणि शिक्षकांनी त्यावर सरावसंच केला. अर्थशास्त्रात मात्र आम्ही अडकलो, आणि ते सविस्तर सांगायला हवं.

विद्यापीठाच्या २०१९ च्या रचनेत ३० गुण अंतर्गत, ७० सत्र परीक्षेचे. द्वितीय-तृतीय वर्षाच्या उत्तरपत्रिका विद्यापीठाकडे. आमच्याकडे फक्त एकूण गुण येतात. कुठल्या प्रश्नाला किती, हे कळायला मार्ग नाही, त्यामुळे कुठली निष्पत्ती साधली हेही त्यातून निघत नाही. तरी प्रत्येक महाविद्यालयाच्या तक्त्यात ते निघालेलं असतं! आमच्या हातात होत्या त्या अंतर्गत चाचण्या आणि प्रथम वर्षाच्या उत्तरपत्रिका, कारण त्या महाविद्यालयातच तपासल्या जातात. परीक्षा विभागाच्या गोदामातून जुने गठ्ठे काढले आणि प्रश्नवार गुण मांडायला बसलो.

अर्थशास्त्राची निष्पत्ती होती, 'विद्यार्थी मागणीच्या लवचिकतेची संकल्पना प्रत्यक्ष बाजाराला लावू शकेल.' लवचिकता म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते ते. मागचे सगळे प्रश्न काढून पाहिले. 'मागणीची लवचिकता म्हणजे काय? प्रकार स्पष्ट करा.' पुढच्या वर्षी 'किंमत लवचिकतेचे प्रकार सांगा.' त्याच्या पुढच्या वर्षी 'टीप लिहा.' बाजार कुठेच नाही. जी निष्पत्ती कधी विचारलीच नाही, ती आम्ही २.८ इतकी साध्य करून दाखवली होती.

त्या गठ्ठ्यात एक उत्तर सापडलं. मुलाला पाच प्रकार आठवले नव्हते. त्यानं संपूर्ण लवचिक, संपूर्ण अलवचिक अशी दोन नावं लिहून सोडली होती, आणि खाली पानभर कांद्यावर लिहिलं होतं. कांदा महागला तरी घरातून कांदा जात नाही, दोनाऐवजी एक चिरतात. पण लासलगावला आवक वाढली की भाव असा पडतो की वाहतूक सुटत नाही. द्राक्षाचं तसं नाही, द्राक्ष महागली की गिऱ्हाईक सरळ पेरू घेतं. संकल्पना पूर्ण कळलेला मुलगा. दहापैकी तीन गुण. तपासणाऱ्या सरांची चूक म्हणता येत नाही, नमुना उत्तरात पाच प्रकारांना पाच गुण होते.

यावर विभागात वाद झाला, आणि तो चांगला वाद होता. एक ज्येष्ठ सर म्हणाले की व्याख्या नको म्हणाल तर उद्या मुलं स्पर्धा परीक्षेत काय लिहिणार? त्यांचं खोटं नव्हतं. शेवटी ठरलं की अंतर्गत चाचणीत अर्धे गुण व्याख्येला आणि अर्धे एका बाजारातल्या प्रसंगाला. पहिल्या चाचणीत गंमत झाली. व्याख्या घोकून आलेल्यांचे गुण पडले आणि ज्यांच्या घरी कांदा-टोमॅटो पिकतो त्यांचे वाढले. शहरातल्या दोन मुलांनी तक्रार केली की प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे.

रसायनशास्त्रात आम्ही चिठ्ठी काढायला लागलो. सत्रात दोनदा, ज्याची चिठ्ठी निघेल त्यानं एकट्यानं टायट्रेशन करायचं. वर्ष संपेपर्यंत प्रत्येकाची पाळी यायलाच हवी. मामांनी एक यादी भिंतीवर चिकटवली आणि ती आमच्यापेक्षा काटेकोर पाळली. फेब्रुवारीत मुलांनीच आणलेल्या द्राक्षांचा रस काढून त्याची आम्लता सोडियम हायड्रॉक्साइडनं मोजली. टार्टारिक आम्ल द्विआम्लारी, त्यामुळे एका रेणूला अल्काचे दोन लागतात. पुस्तकात हे वाक्य कुणाच्या लक्षात राहत नाही, पण दिंडोरीच्या मुलांना वायनरीवाले आम्लता का विचारतात ते माहीत होतं, त्यांनी बाकीच्यांना समजावलं. काळ्या द्राक्षाच्या रसात गुलाबी रंग दिसेना, तेव्हा रस पातळ करायची कल्पनाही एका मुलीचीच.

रेमेडियलचं हजेरीपत्रक पुराव्यातून काढून टाकलं. इथे मतभेद तीव्र होते. काढलं तर त्या मुद्द्याखाली दाखवायला काहीच उरत नव्हतं. तास दुपारच्या सुट्टीला लागून घेतला. नवी हजेरी कधी सात, कधी नऊ. ज्यांना आम्ही 'मंद अध्ययनार्थी' म्हणत होतो त्यांची यादी बारावीच्या गुणांवरून केलेली होती. तीही बदलून पहिल्या आठवड्यातल्या छोट्या चाचणीवर आणली. हा शब्द मात्र कागदोपत्री अजून तसाच आहे आणि तो शब्द सूचना फलकावर मुलांच्या नावांवर लागतो, याची मला लाज वाटते.

आणखी एक निर्णय वरवर किरकोळ होता. विद्यार्थी समाधान सर्वेक्षणासाठी नॅक मुलांना थेट ईमेल पाठवायची. एकवीस प्रश्न, त्यांत शेवटचा मोकळ्या उत्तराचा. महाविद्यालयानं फक्त मुलांच्या पत्त्यांची यादी द्यायची. आमची यादी पाहिली तर वसतिगृहातल्या कितीतरी मुलांपुढे एकच पत्ता. चौकशी केली. तो कॉलेजजवळच्या सायबर कॅफेवाल्याचा निघाला. प्रवेशाचा अर्ज त्यानंच भरून दिलेला, त्यामुळे ओटीपीपासून सगळं त्याच्याकडे. कुणीतरी सुचवलं की किमान प्रतिसादाची अट मोठी नाही, दहा टक्के किंवा शंभर यातलं कमी असेल तेवढे. स्टाफरूममधूनच भरून टाकू, आपलीच मुलं आहेत. ग्रंथपाल मॅडमनी ते हाणून पाडलं आणि ग्रंथालयात आठवडाभर टेबल लावून मुलांना स्वतःचा ईमेल काढून दिला. पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर लिहू नका, हे त्या किती वेळा म्हणाल्या असतील!

कोविडच्या वर्षांचं काय करायचं, हा प्रश्न उरला. पाच वर्षांच्या उत्तीर्णतेच्या आकड्यांत ऑनलाइन, बहुपर्यायी परीक्षांची वर्षं होती आणि तिथे निकाल आकाशाला भिडलेले. आकडे खरे होते, विद्यापीठाच्याच गुणपत्रिकांवरचे. आम्ही ते तसेच भरले आणि वर्णनात एक ओळ लिहिली. एकच ओळ. यावर पुढे येतो.

समितीचे दोन दिवस

समिती तिघांची होती. भेटीच्या आठवड्याआधी मुलांना 'तयार' करायचं का, यावर शेवटची चकमक झाली. संस्थेकडून प्रश्नोत्तरांचा कागदही आला होता. प्राचार्यांनी तो मुलांना दिला नाही, खिशात ठेवला. मुलांना एवढंच सांगितलं की विचारलेलं कळलं नाही तर पुन्हा विचारा, आणि मराठीत बोलायचं असेल तर खुशाल बोला.

प्रयोगशाळेत समितीतल्या एका सदस्यांनी खरंच एका मुलीला ब्युरेट वाचायला सांगितलं. ती पातळीच्या रेषेत खाली वाकली, वाचलं, आणि म्हणाली, "सर, पोटॅशियम परमँगनेट असतं तर वरची कड वाचली असती, हे रंगहीन आहे म्हणून खालची." मी मागे उभा होतो. त्या क्षणाचं वर्णन करण्याचा मोह टाळतो. विद्यार्थ्यांच्या बैठकीत एका मुलानं सांगून टाकलं की गेल्या वर्षीपर्यंत आम्ही एकाच्याच रीडिंगवर जर्नल पूर्ण करायचो. सचिव साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. समितीच्या अध्यक्षांनी मात्र त्या मुलाला आणखी दोन प्रश्न विचारले आणि वहीत काहीतरी लिहिलं.

निकाल

बी++ आली. २.७६ ते ३.०० च्या पट्टीतली, ए पासून थोडक्यात हुकलेली. समितीच्या अहवालात बलस्थानांमध्ये एकट्यानं करायच्या प्रात्यक्षिकांचा उल्लेख आहे. उणिवांमध्ये पहिलीच ओळ: निष्पत्तीचं मापन मोजक्याच विषयांत. म्हणजे आम्ही जे स्वतः लिहून दिलं तेच उणीव म्हणून परत आलं. संस्थेच्या बैठकीत ती ओळ मोठ्यानं वाचली गेली. तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही 'लिहिलं नसतं तर ए आली असती' हे खोडून काढता येईल असं काही माझ्या हाती नाही. गुणांचा बराचसा तोटा संशोधन आणि पदं रिक्त असल्यामुळे होता, हे गुणतक्त्यावरून दिसतं. पण तक्ता वाचायला बैठकीत कुणाला वेळ नव्हता.

प्रात्यक्षिकाचे सरासरी गुण मात्र त्या वर्षी खाली आले. विभागाला ते झोंबलं. पुढच्या वर्षी निम्मे परत वर चढले, या वेळी मुलांच्या हातानं.

दरम्यान २०२४ च्या सुरुवातीला नॅकनं नव्या पद्धतीची घोषणा केली: मान्यता आहे किंवा नाही, आणि त्यापुढे पाच स्तर. ए की बी++, ज्या श्रेणीवरून आमच्यात अबोला धरला गेला, ती श्रेणीच जायच्या वाटेवर लागली.

आज करायचं झालं तर

सगळ्यात मोठी चूक वेळेची. शेवटच्या वर्षी सुरू केलं म्हणून चारच विषय झाले. पहिल्या वर्षी दोन विषयांनी सुरुवात केली असती तर तोवर निम्मं महाविद्यालय झालं असतं आणि ती उणिवेची ओळ लिहिताना समितीलाही विचार करावा लागला असता.

दुसरी चूक मला उशिरा कळली. प्रथम वर्षाचे बरेचसे तास आमच्याकडे तासिका तत्त्वावरचे, सीएचबीचे शिक्षक घेतात. प्रश्नवार गुण मांडणं, नव्या पद्धतीचे प्रश्न काढणं, एकट्याची प्रात्यक्षिकं घेणं, हे काम त्यांच्यावरच पडलं. तासाचे पैसे मिळतात. या कामाचे नाही. बैठकांना त्यांना बोलावलं नव्हतं, कारण बैठका तासांच्या वेळी असत आणि बैठकीला बसलं तर तास बुडतो, म्हणजे पैसे बुडतात. एकानं सत्राच्या शेवटी शांतपणे विचारलं, "सर, माझ्या शिकवण्याचं मोजमाप झालं, माझं नाव कुठे आहे?" अहवालात विभागप्रमुखांचं होतं.

कोविडच्या वर्षांवरची ती एक ओळ पुरेशी नव्हती. त्या मुलांचे ऑनलाइन गुण आणि नंतर लेखी परीक्षेतले गुण शेजारी शेजारी ठेवायला हवे होते. माहिती आमच्याकडे होती. आकडा आमच्या फायद्याचा होता म्हणून आम्ही थोडक्यात आटोपलं, दुसरं कारण नाही. रेमेडियलचं हजेरीपत्रक ज्या हातांनी काढलं त्याच हातांनी.

बनावट सह्यांच्या मुळाशीही गेलो नाही. कागद काढला, माणसाशी बोललो नाही. शक्यता आहे की त्या शिक्षकानं सुरुवातीला तास खरेच घेतले असतील, मुलं येईनात, आणि वर पाठवायला कागद हवा म्हणून पुढचं झालं असेल. साडेचारची वेळ आयक्यूएसीनंच ठरवली होती. म्हणजे मी.

चिठ्ठीची पद्धत टिकली आहे, मामा निवृत्त होईपर्यंत तरी टिकेल. अर्थशास्त्रातली टिकेल की नाही सांगता येत नाही. द्वितीय वर्षात गेल्यावर मुलं पहिल्याच तासाला विचारतात की हे विद्यापीठाच्या पेपरला येतं का, आणि खरं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असतं. ज्येष्ठ सर मात्र आता प्रश्न काढताना कांद्याचा भाव विचारतात. आधी स्वतः बाजार समितीचा दर बघून येतात.

कांद्यावर लिहिणारा तो मुलगा पदवी घेऊन गेला. दहापैकी तीन मिळाले, हे त्याला ठाऊक आहे. त्याचं ते पान आम्ही दोन बैठकांमध्ये वाचून दाखवलं आणि त्यावरून प्रश्नपत्रिका बदलली, हे त्याला कुणी सांगितलं नाही.